लाईन सोड

ईट, ता. भूम
९ जानेवारी २०२५

आदरणीय सर,
नमस्कार.

मी दीपाली. बेळंबच्या मेंढरं राखणाऱ्या मल्हारची पोरगी. नऊ वर्षांपूर्वी दहावीला तुमच्या वर्गात होते. मागच्या आठवड्यात तुम्हाला फोन केला तो कमलकाकूंनी उचलला. म्हणाल्या, "त्यांना आता फोनवर काहीच ऐकू येत न्हाय. मेसेज पाठवला तर बोट थरथरून पुसून टाकतेत. तू पत्र लिही. पत्र आलं की दिवसभर हातात धरून बसतेत." म्हणून लिहिते आहे. अक्षराला हसू नका, सवय मोडली आहे.

मला नोकरी लागली. वीज खात्यात, खांबावरच्या कामाची. आयटीआय केलं होतं, परीक्षा दिली, नंबर लागला. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, ईटला पाठवलंय. इथं मी सोडून सगळे पुरुष. सीनियर गुंडाप्पा मामा आपल्या मुरूमचेच, दोन वर्षांत रिटायर होतील. सबस्टेशनला ऑपरेटर योगीराज आहे. तो माझ्याच वयाचा.

तुम्ही फळ्यावर एक शब्द लिहायचात आणि आठवडाभर त्याचे अर्थ गोळा करायला लावायचात. इथं मला तसला एक शब्द सापडलाय. लाईन. वीज गेली की लोक म्हणतात लाईन गेली. तारा ओढल्या की लाईन ओढली. रेशनला लाईन, फोनवर "लाईनवर थांबा", सेवा केंद्रात "आज ऑनलाईन बंद हाय". शाळेपुढं पोरं मारतात ती वेगळीच लाईन. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, "गुंडाप्पा लाईनवर आहेत का?" मी टेबलावरचा फोन कानाला लावून म्हणाले, "न्हाय सर, कुणीच बोलत न्हाय." ते तर बाहेर खांबावर होते. अजून हसतात सगळे.

बाकी काम छान चाललंय. खांबावर वारं चांगलं लागतं. काकूंना नमस्कार.

तुमची विद्यार्थिनी,
दीपाली


उमरगा
२० जानेवारी २०२५

चि. दीपाली,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कमल खोटं सांगत नाही. दोन दिवस खिशात ठेवलं, तिसऱ्या दिवशी सदऱ्याबरोबर धुवायला गेलं, पण तोवर पाठ झालं होतं.

तुझी लाईन मूळची सुताची आहे. लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला लिनम म्हणत, त्याच्या धाग्याला लिनिया. गवंडी जो धागा ताणून भिंत सरळ आहे का बघतो, ती पहिली लाईन. तिच्यापासून कागदावरची ओळ, तळहातावरची रेषा, आगगाडीचे रूळ, नाटकातलं वाक्य, माणसाचा धंदा, घराण्याचा वंश, सगळं निघालं. शब्द हा असा लेकुरवाळा असतो. 'लाईन मारणे' मात्र कुठल्याही कोशात नाही. मी न्हाव्याला विचारलं. त्याने बराच वेळ हातवारे करून सांगितलं आणि दुकानातले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझं बरं आहे. हायवेवरचे ट्रक आता मला फक्त पायाखालच्या थरथरीवरून कळतात. कमल पाटीवर लिहून भांडते. पाटी लहान असल्याने भांडण आवरतं घ्यावं लागतं, हा एक फायदा.

एक विचारतो. तू वाऱ्याबद्दल लिहिलंस, पण कुठं काय दुखतं ते लिहिलं नाहीस. नवं काम धरलेला माणूस आधी दुखणं लिहितो. तू खांबावर चढतेस ना?

तुझा,
आण्णासाहेब


ईट
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

तुमच्यापुढं खोटं तेव्हाही टिकत नव्हतं.

मी अजून एकदाही खांबावर चढले नाही. मला तक्रारीच्या रजिस्टरवर बसवलंय. सकाळपासून फोन घ्यायचे आणि लिहायचं. लाईन गेली. लाईन डीम हाय. लाईन येडी झालीया, टीव्ही जळाला. गुंडाप्पा मामा वाईट माणूस नाहीत. भाकरीचा डबा उघडला की आधी मला देतात, कानडीत पोरीला मायेनं म्हणतात तसं अव्वा म्हणतात. पण चढू का विचारलं की म्हणतात, "अव्वा, म्या तीस वर्षांत दोन माणसं खांबावरून खाली उतरवली. मेलेली. तुझ्या बापाला म्या काय सांगू?"

मी म्हणाले, "मामा, माझा बाप रानात लांडग्यांपुढं मला एकटीला मेंढरांसंग ठेवायचा."

ते म्हणाले, "लांडगा दिसतो. वीज दिसत न्हाय."

घरी सांगितलंय की चढते. आबांनी गावभर सांगितलंय. आता काय करू, सर?

दीपाली


उमरगा
१४ फेब्रुवारी २०२५

चि. दीपाली,

धीर धर. जो माणूस स्वतःची भाकरी देतो तो आज ना उद्या स्वतःची विद्याही देईल. रजिस्टर लिहितेस ते वाया जात नाही. कुठली तार कुठं कुरकुरते हे तुला आता त्यांच्याइतकंच ठाऊक असेल.

जास्त लिहीत नाही. पोस्ट बंद व्हायची वेळ झाली आहे आणि मला आज दोन पत्रं टाकायची आहेत.

आण्णासाहेब


ईट
२३ मार्च २०२५

आदरणीय सर,

मी चढले.

काय झालं कुणास ठाऊक. गुंडाप्पा मामांनी महिनाभर काही दाद दिली नाही आणि परवा सकाळी स्वतःचा बेल्ट माझ्या अंगावर फेकला. म्हणाले, "चल. आज तू वर, म्या खाली." दांडेगाव रस्त्याला जोड ढिला झाला होता. वर गेल्यावर जोडाचा एक नट सोडवायला मला अर्धा तास लागला. मामा खालून एकच वाक्य म्हणत होते, "घाई कुणाला हाय? मला तर न्हाय."

आता दुखणं लिहिते. पोटऱ्या, खांदे, उजव्या हाताची करंगळी. बेल्टनं कमरेला वळ उठलेत.

ते मला अगदी शाळेसारखं शिकवतात. आधी ऑपरेटरला फोन करून वीज बंद करून घ्यायची. मग टेस्टर लावून बघायचं. मग तारांना साखळी लावून ती जमिनीत उतरवायची. म्हणजे चुकून कुणी वीज सोडलीच, तर ती आपल्या अंगातून न जाता साखळीतून जमिनीत जाते. दुसरे लोक साखळी लावत बसत नाहीत, वेळ जातो म्हणतात. आमचं मात्र रोज चालतं. योगीराज फोनवर चिडवतो, "झाली का पूजा?"

आबांना खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, मला ठाऊक होतं, तुझ्या हातावर एक चट्टा नव्हता.

आज लई आनंद आहे, सर.

दीपाली


उमरगा
२६ मे २०२५

चि. दीपाली,

एप्रिलच्या अखेरीस एक आणि या महिन्यात एक, अशी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. पहिल्यांदा वाटलं काम वाढलं असेल. आता कमलला फोन करायला लावलं तर तुझा फोन बंद येतो. भूमकडे वादळ झाल्याचं पेपरात वाचलं.

रागावली असशील तर तसं लिही. बरं नसेल तर दुसऱ्या कुणाकडून दोन ओळी लिहवून घे.

आण्णासाहेब


बेळंब
१५ जून २०२५

आदरणीय सर,

मी घरी आहे. तुमच्यापासून बारा-पंधरा किलोमीटरवर, आणि तरी यायचं धाडस झालं नाही. तोंडानं सांगता येणार नाही म्हणून लिहिते.

७ मेची गोष्ट. आदल्या संध्याकाळी वादळ झालं होतं. पाच-सहा गावांची वीज गेली होती. दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही एका वस्तीजवळच्या खांबाशी होतो. जोड तुटला होता. गुंडाप्पा मामा म्हणाले, "आज वरचं काम वंगाळ हाय, म्या चढतो. तू फोन सांभाळ." मी योगीराजला फोन केला, त्यानं वीज बंद केली, मामांनी टेस्टर लावला, साखळी लावली आणि कामाला लागले.

खाली पंधरा-वीस माणसं जमली होती. कालपासून जनावरांना पाणी नव्हतं. एक जण म्हणत होता आमचं आधी करा, दुसरा म्हणत होता आमचं. मी पुन्हा योगीराजला फोन लावला होता, अजून किती वेळ लागेल ते सांगायला. त्याच्याकडंही तीन फोन वाजत होते. तेवढ्यात माझ्या फोनवर साहेबांचा फोन यायला लागला. एकदा कापला, पुन्हा आला. माणसं ओरडत होती. मी योगीराजला म्हणाले, "साहेबांचा फोन येतोय, तू लाईन सोड."

मला म्हणायचं होतं, फोन ठेव.

त्यानं वीज सोडली.

सर, आवाज एवढा मोठा झाला की माणसं रस्त्यावर पळाली. खांबावर निळा उजेड झाला. साखळीमुळं वीज जमिनीत गेली आणि सबस्टेशनला आपोआप बंद पडली. क्षणभराचं काम. मी वर बघितलं तर मामा बेल्टला लटकलेले, मान खाली. मी चढले. कशी चढले आठवत नाही. वीज खरंच बंद आहे का, एवढंही विचारलं नाही. मामा शुद्धीवर होते. मला बघून म्हणाले, "आधी इचार. इचारल्याबिगर वर येऊ न्हाय." उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

बार्शीला नेलं. जगले. दोन बोटं गेली.

चौकशी झाली. योगीराजनं जबाबात लिहून दिलं की मला नीट ऐकू आलं नाही, चूक माझी. मला कळलं तेव्हा मी साहेबांकडं जाऊन सांगितलं की त्याला बरोबर ऐकू आलं होतं. मी तेच बोलले होते. लाईन सोड. इथं वीज चालू करायला सगळे हेच म्हणतात. मी स्वतः शंभर वेळा म्हटलंय. आणि फोन ठेवायलाही तेच म्हणतात.

आबा आले आणि मला घेऊन आले. मी राजीनामा लिहून ठेवलाय, फक्त पाठवायचा आहे. मामांना भेटायला गेले नाही. त्यांच्या हाताकडं बघायचं कसं?

तुम्ही पत्रात लिहिलं होतंत, शब्द लेकुरवाळा असतो. आता घरात कुणी तो शब्द नुसता बोललं तरी मी उठून बाहेर जाते.

दीपाली


उमरगा
१९ जून २०२५

चि. दीपाली,

पत्र वाचून मी उठून तुझ्याकडे निघालो होतो. कमलने चपला लपवल्या. रस्ता ओलांडताना मला आता धरावं लागतं. म्हणून लिहितो, आणि हे पत्र कमलचा भाचा मोटारसायकलवर हातोहात आणून देईल.

आधी माझा गुन्हा. फेब्रुवारीत त्या दिवशी मी दोन पत्रं टाकली असं लिहिलं होतं. दुसरं गुंडाप्पांना होतं. मुरूमचे म्हणालीस, म्हणजे घरी कानडीच असणार, म्हणून कानडीत लिहिलं. तुला न विचारता. लिहिलं की या मुलीला तुम्ही रजिस्टरवर ठेवून वाचवत नाही आहात, तिला अर्धवट ठेवता आहात. एक दिवस कुणीतरी तिला घाईत खांबावर चढवील आणि तिला काही येत नसेल. तेव्हा शिकवायचं तर तुम्हीच शिकवा, पुस्तकात आहे तसं, एकही पायरी न गाळता. तुझ्या आनंदाचं पत्र आलं तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो. सांगायचं टाळलं. म्हणजे त्या दिवशी त्या खांबाखाली तुला मी उभं केलं. तू राजीनामा देत असशील तर त्यावर माझीही सही हवी.

दुसरं. मी तेहतीस वर्षं मुलांना एका शब्दाचे दहा अर्थ शिकवले. मौजेची गोष्ट म्हणून शिकवले. मुलं हसायची, मला बरं वाटायचं. पण जिथं माणूस तारेला टांगलेला असतो तिथं शब्दाला एकच अर्थ लागतो, आणि तो दोघांना एकच ठाऊक असावा लागतो. हे मी कधी शिकवलं नाही, कारण माझ्या वर्गात कधी कुणी तारेला टांगलेलं नव्हतं. चूक तुझी नाही असं मी म्हणणार नाही. तुला ते पटणारही नाही. तुझी चूक आहे. पण ती तुझ्या आधी त्या ऑफिसात कित्येक वर्षं बोलली जात होती. फक्त तू ती उच्चारलीस त्या दिवशी खांबावर माणूस होता.

राजीनामा चार दिवस थांबव. आधी मुरूमला जा. हाताकडे कसं बघायचं विचारतेस. बघायचं. तो माणूस रोज बघतो आहे.

आण्णासाहेब


बेळंब
२९ जून २०२५

आदरणीय सर,

तुमच्यावर एक रात्र चिडले होते. सकाळी आबांना म्हणाले, मुरूमला चला.

गुंडाप्पा मामा अंगणात बाजेवर बसले होते. हात गळ्यात बांधलेला. मी पायाशी बसले. त्यांनीच विचारलं, "जेवलीस का?"

मी म्हणाले, "मामा, चूक माझी आहे."

"व्हय," ते म्हणाले. "तुझी हाय. योगीराजची बी हाय, त्यानं परत इचारायला पायजे हुतं, माणूस उतरला का म्हणून. आन माझी तर तीस वर्षांची हाय."

मला कळलं नाही. मग त्यांनी आत हाक मारली. त्यांच्या सुनेनं, शुभांगीवहिनींनी, डब्यातून तुमचं कानडी पत्र आणून दिलं. मामा म्हणाले, "अव्वा, तुला वाटतं गुंडाप्पा रोज साखळी लावतो. म्या तीस वर्षांत कितीदा लावली आसंल? धा येळा. साहेब तपासायला आला तर. वर जायचं, काम करायचं, उतरायचं. ह्या मास्तरानं लिहिलं, पोरीला एकबी पायरी गाळून शिकवू नका. मग तुझ्यापुढं लाज वाटाया लागली. तुला दाखवायचं म्हणून रोज लावली. त्या दिवशी तू खाली हुतीस म्हणून लावली. तू नसतीस तर योगीराजच्या त्या लाईनीला जमिनीत जायाला वाट नसती. माझ्यातनंच गेली आसती."

आबा ऐकत होते. ते लई कमी बोलतात, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि दुसरीकडं बघत बसले.

मी मामांचा हात बघितला, सर. बघितला.

निघताना मामा म्हणाले, "राजीनामा दे, न्हायतर नको देऊ, तुझी मर्जी. पर आधी त्या शब्दाचं कायतरी कर. म्या न्हाय आता वर चढायचो. दुसरं कुणीतरी चढंल."

मी उद्या ईटला जाते.

दीपाली


उमरगा
१० जुलै २०२५

चि. दीपाली,

तुझं पत्र कमलने वाचलं आणि पाटीवर लिहिलं, "तुम्ही न विचारता पत्र लिहिता ते चुकीचंच." मग पुसलं आणि लिहिलं, "पण लिहीत जा."

गुंडाप्पांना माझा नमस्कार सांग. मी पत्र लिहिताना त्यांच्यापेक्षा तुझा विचार केला होता. त्यांच्या जिवाला ते उपयोगी पडेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हा त्याचं श्रेय मला नको.

शब्दाचं काय केलंस ते कळव. मदत लागली तर माझ्याकडे कोश पाच आहेत, पण मला वाटतं या कामाला योगीराज जास्त उपयोगी.

आण्णासाहेब


ईट
२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

उशीर झाला. मुद्दाम केला. काहीतरी होईपर्यंत लिहायचं नाही ठरवलं होतं.

आम्हा दोघांना, मला आणि योगीराजला, लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली. पहिले पंधरा दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंही बोलत नव्हतो. मग एक दिवस तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "काय म्हणायचं ते ठरवू."

दोन दुपारी लागल्या. साधंच आहे. माणूस खांबावर असेल तेव्हा फोनवर लाईन हा शब्द नाही. वीज म्हणायचं, फोन म्हणायचं. बंद किंवा चालू म्हणायचं, सोड किंवा घे नाही. वर कोण आहे त्याचं नाव घ्यायचं. आणि समोरच्यानं ते वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचं, मगच हात बटणाला. आधी सगळे हसले. कुणी म्हणालं, ही काय प्रार्थना हाय का. पण साहेबांनी तो कागद भिंतीला लावला. आता नवीन आलेला रेवणसिद्ध सवयीनं लाईन म्हणून गेला की योगीराज पलीकडून गप्प राहतो. तो सुधारून म्हणेपर्यंत गप्पच राहतो.

मी खाली उभी राहायचं काम करत होते. चढत नव्हते.

गुंडाप्पा मामा ऑक्टोबरात कामावर आले. त्यांना आता खालचंच काम दिलंय. परवा सकाळी आम्ही पाथरूड रस्त्याला गेलो. तार एका बाजूला झुकली होती. मामांनी शिडी खांबाला टेकवली आणि बेल्ट माझ्यापुढं धरला. डाव्या हातानं. मी घेतला.

शिडीवर पाय ठेवला आणि त्यांनी फोन लावला. मोठा आवाज करून, मला ऐकू यावा म्हणून.

"योगीराज, दीपाली वर चढतीया. वीज बंद कर."

"दीपाली वर चढते आहे. वीज बंद करतो." मग थोड्या वेळानं, "वीज बंद आहे."

मी टेस्टर लावला. साखळी लावली. तारेजवळ हात नेला आणि थांबले. किती वेळ कुणास ठाऊक. खाली मामा उभे होते, फोन कानाला. त्यांनी वर बघितलं नाही, मला हाक मारली नाही. फक्त योगीराजला पुन्हा म्हणाले, "दीपाली खांबावर हाय."

पलीकडून योगीराज म्हणाला, "दीपाली खांबावर आहे."

सर, माझं नाव असं मोठ्यानं कुणी दोनदा घेतलेलं मला आठवत नाही. मी तार धरली. थंड होती, थोडी दवानं ओली. काम वीस मिनिटांचं होतं, मी चाळीस लावली. साखळी काढली, उतरले, दोन्ही पाय जमिनीवर आले, बेल्ट सोडला, तोवर मामा तसेच उभे होते. मग मी स्वतः फोन घेतला आणि म्हणाले, दीपाली खाली आहे.

दिवाळीत आले नाही, वस्त्यांवर काम होतं. पुढच्या रविवारी आबांबरोबर येते. काकूंना सांगा, पाटी मोठी आणते.

तुमची,
दीपाली